स्त्रीचा वाटा आणि स्त्रीचा कागद

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्यावे, असे चिटणीसबाईंनी सुचविले, तेव्हा विषय शोधावयास मला फार दूर जावे लागले नाही. माझी बरीच वर्षे अदालत रस्त्यावर मृत्युपत्रे, वाटणीपत्रे, बक्षीसपत्रे आणि वारसाची प्रकरणे यांतच गेली. वकिलीतले हे काम नाटकात किंवा बोलपटात दिसत नाही. त्यात खून नसतो, आणि टेबलावर मूठ आपटून केलेली भाषणेही नसतात. असतात ती पिवळी पडलेली खते, तलाठ्याकडचे उतारे, आणि समोर पदर सावरून बसलेली एखादी बाई. बहुधा ती पहिल्या भेटीत एवढेच म्हणते, “मला यातले काही कळत नाही, ह्यांनाच सारे ठाऊक होते.”

या एका वाक्याला मोठा इतिहास आहे. तो आपल्या गावाजवळून सुरू होतो, काशीस जातो, कलकत्त्यास जातो आणि फिरून आपल्या दारात येतो. तो थोडक्यात सांगावा, आणि सांगता सांगता भगिनींच्या उपयोगाचे चार शब्द लिहावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आपले मंडळ ज्या चौकात वाढले, त्या क्रांती चौकाची एक ओळख सर्वांना ठाऊक आहे. 1857 साली येथील छावणीत हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळातील शिपायांनी बंड केले. त्यांतील कित्येकांना देहदंड झाला, आणि काळा चबुतरा या नावाशी ती आठवण जोडली गेली. चौकाची दुसरी ओळख मात्र आपण रोज पायांखाली घालतो, पण तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. येथून जो रस्ता जिल्हा न्यायालयाकडे जातो, त्याचे नावच मुळी अदालत रस्ता. अदालत हा शब्द निजामाच्या राज्याची खूण आहे. त्या काळी वरच्या न्यायालयांचा कारभार उर्दूत चाले. अपिलासाठी हैदराबादेस जावे लागे, म्हणजे मीटर गेजच्या गाडीने रात्रभर प्रवास करावा लागे. 1956 साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि अपिलाची वाट मुंबईकडे वळली. पुढे 27 ऑगस्ट 1981 रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आपल्या गावी बसू लागले, तेव्हा कोठे न्यायाचे वरचे दार घराजवळ आले. ज्या बाईला माहेरी जावयाचे तरी कोणाला तरी विचारावे लागे, तिच्या दृष्टीने अपील हैदराबादेस असणे म्हणजे अपील नसणेच होते. न्यायालयाचे अंतर हाही स्त्रीच्या मिळकतीच्या इतिहासाचा एक भाग आहे, तो असा.

आता पैठणकडे वळू. हिंदूंच्या वारसाहक्काचा जो कायदा शेकडो वर्षे चालला, त्याचे मुख्य आधार दोन. पहिला आधार विज्ञानेश्वराची मिताक्षरा. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळी कल्याणी येथे याज्ञवल्क्यस्मृतीवर लिहिलेली ही टीका. दुसरा आधार नीलकंठभट्टाचा व्यवहारमयूख, सतराव्या शतकातला. हे नीलकंठभट्ट काशीचे म्हणून प्रसिद्ध असले तरी त्यांचे घराणे मूळ पैठणचे. सोळाव्या शतकात रामेश्वरभट्ट पैठणहून काशीस गेले, आणि त्यांच्या वंशात एकाहून एक धर्मशास्त्री झाले. ज्यांनी 1674 साली रायगडावर शिवछत्रपतींना राज्याभिषेक केला, ते गागाभट्टही याच घराण्यातले. चौकातील महाराजांच्या पुतळ्यास नमस्कार करताना पैठणच्या या घराण्याचीही आठवण ठेवावयास हरकत नाही.

या दोन ग्रंथांचा आपल्याशी संबंध असा की, मयूखाचा मान आणि जुने रीतिरिवाज यांच्या जोरावर पश्चिम हिंदुस्थानातील परंपरा स्त्रीच्या बाबतीत इतर प्रांतांपेक्षा थोडी मोकळी राहिली. मुलगा व विधवा दोन्ही नसता वडिलांची मिळकत मुलीकडे आली, तर ती मुंबई इलाख्यात पूर्ण मालकीने येई. इतर प्रांतांत तिला केवळ हयातीपुरता हक्क मिळे. बहिणीलाही येथे वारसांच्या यादीत बरीच वरची जागा होती. व्यवहारमयूखाची चिकित्सक आवृत्ती महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी 1926 साली काढली. ती चाळताना मला नेहमी वाटते की, आपल्या जुन्या शास्त्रकारांनी स्त्रीला अगदीच वाऱ्यावर सोडले होते असे नाही. पण तिच्या हाती दिलेली दोरी फार आखूड ठेवली होती.

ही आखूड दोरी म्हणजे विधवेचा मर्यादित हक्क. पती वारल्यावर, आणि मुलगा नसला तर, त्याची विभक्त मिळकत तिच्याकडे येई खरी; तिने उत्पन्न खावे, पण जमीन विकू नये, गहाण टाकू नये, कोणाला देऊ नये. अगदी गरज पडली, म्हणजे मुलीचे लग्न किंवा पतीचे कर्ज अशा कारणांसाठी विकली, तर ती गरज खरी होती हे वर्षांनंतर घेणाऱ्याला कोर्टात सिद्ध करावे लागे. म्हणून अशा बाईकडून जमीन घ्यावयास कोणी सहसा धजत नसे, आणि घेतली तर पडत्या भावाने. ती वारल्यावर मिळकत तिच्या वारसांकडे जात नसे, नवऱ्याच्या वारसांकडे परत जाई. बाई जिवंत असतानाच हे वारस दारात बसून तिच्या प्रत्येक सहीवर नजर ठेवीत. एकत्र कुटुंबातल्या विधवेला तर तेवढेही नव्हते. तिच्या वाट्याला अन्नवस्त्र, आणि ते देणाराची मर्जी.

अशा बायकांच्या बाजूने पहिल्यांदा एक बाई कागद घेऊन उभी राहिली. ती जन्माने महाराष्ट्राची, याचा आपल्याला अभिमान वाटावयास पाहिजे. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म 15 नोव्हेंबर 1866 रोजी नाशिकचा. वडील पारशी घराण्यातले, ख्रिस्ती झालेले. आई पुण्यात शाळा चालवीत. कॉर्नेलिया पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि पदवी परीक्षेत वरच्या श्रेणीत आल्या. विलायतेस जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती मात्र मुलगी म्हणून त्यांना नाकारण्यात आली. तेव्हा इंग्लंडातील काही मंडळींनी वर्गणी काढली, आणि वर्गणी देणारांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईही होत्या. 1892 साली ऑक्सफर्ड येथे कायद्याची वरची परीक्षा त्यांनी दिली. स्त्रियांना पदवी देण्याची चालच त्या विद्यापीठात नव्हती, म्हणून प्रत्यक्ष पदवी हाती पडावयास त्यांना 1922 साल उजाडले. परीक्षा दिल्यावर तीस वर्षांनी!

हिंदुस्थानात परत आल्यावर त्यांनी जे काम हाती घेतले, ते मुख्यतः मिळकतीचे. मोठमोठ्या जमीनदारांच्या विधवा आणि अज्ञान मुले पडद्याआड राहत. परपुरुषासमोर त्यांना जाता येत नसे, आणि वकील तर सारे पुरुष. म्हणजे ज्याने तिच्या इस्टेटीचा हिशेब ठेवावयाचा, त्याचे तोंड तिने कधी पाहिलेले नसे, आणि ज्या कागदावर तिचा अंगठा, तो कागद तिला कोणी वाचून दाखविलेला नसे. पडद्याच्या फटीतून हात बाहेर यावा, अंगठा उठावा, आणि गाव दुसऱ्याच्या नावे व्हावे! 1904 साली बंगाल सरकारने कॉर्नेलियाबाईंना कोर्ट ऑफ वॉर्ड्स, म्हणजे अज्ञान व परावलंबी मालकांच्या इस्टेटींचा सांभाळ करणाऱ्या खात्यात, स्त्रियांसाठी सल्लागार म्हणून नेमले. पुढील सुमारे वीस वर्षे त्या बंगाल, बिहार, ओरिसा, आसाम येथील वाड्यांतून हिंडल्या. पालखीतून, बोटीतून, हत्तीवरून जावे, जनानखान्यात जाऊन बसावे, कागद वाचून दाखवावा, पोटगी थकली असेल तर लिहावे, मुलाच्या जिवाला भय असेल तर त्याची व्यवस्था लावावी, असे ते काम होते. सुमारे सहाशे स्त्रिया व मुले यांचे प्रश्न त्यांनी हाताळले, असे सांगतात.

हे सारे करीत असताना त्यांना स्वतःला मात्र वकील म्हणून न्यायालयात उभे राहण्याची मुभा नव्हती. अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने 1921 साली त्यांना नोंदवून घेतले, आणि स्त्री असणे हे वकिलीस आड येणार नाही असा कायदा 1923 साली झाला. बाईंचे राजकीय मत इंग्रजांच्या बाजूचे होते, गांधीजींच्या चळवळीस त्या विरोध करीत. ते मत आपणांस पटणारे नाही, आणि म्हणूनच कदाचित त्यांचे नाव आपल्या घरांतून फारसे घेतले गेले नाही. 6 जुलै 1954 रोजी लंडनमध्ये त्या वारल्या. मत बाजूला ठेवून त्यांचे काम मात्र उचलण्यासारखे आहे. मिळकतीच्या वकिलाचे पहिले कर्तव्य कागद लिहिणे हे नव्हे. ज्याची सही व्हावयाची, त्याला तो समजावणे हे होय. हे त्यांनी आचरून दाखविले.

याच सुमारास लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनेही एक तत्त्व पक्के केले. पडदानशीन बाईने करून दिलेल्या कागदाचा ज्याला फायदा, त्यानेच सिद्ध करावयाचे की, तिला तो कागद समजला होता आणि तिने तो आपखुशीने केला. नुसती सही, नुसता अंगठा पुरेसा नाही. सहीमागे मन होते का, हे पाहिले पाहिजे. हे तत्त्व पडद्यातील बायकांसाठी निघाले. पुढे न्यायालयांनी ते अशिक्षित आणि असाहाय्य अशा इतर बायकांनाही अनेकदा लावले.

कॉर्नेलियाबाईंच्या मागोमाग मुंबईस मिठन टाटा आल्या, पुढे त्या मिठन लाम झाल्या. 1919 साली आपल्या मातोश्री हेराबाई यांच्यासह विलायतेस जाऊन त्यांनी स्त्रियांच्या मताधिकारासाठी साक्ष दिली, बॅरिस्टर झाल्या, आणि मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणारी पहिली स्त्री ठरल्या. 1947 साली त्या मुंबईच्या शेरीफही झाल्या. अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन जानेवारी 1927 मध्ये पुण्यास भरले. तेथे विषय शिक्षणाचा होता, पण काही वर्षांतच परिषदेला वारसाच्या कायद्याकडे वळावे लागले. मुलगी शिकली तरी हाती काही नसेल, तर शिकून ती जाणार कोठे? आजच्या महिला मंडळांना हा प्रश्न नवा नाही.

या मागणीतून पहिला कायदा झाला तो 1937 साली. मुंबईचे डॉक्टर गोपाळराव देशमुख यांनी तो मध्यवर्ती विधिमंडळात आणला, म्हणून त्याला देशमुखांचा कायदा म्हणत. त्यांच्या मूळ मसुद्यात मुलीलाही वाटा होता. चर्चेच्या चाळणीतून बाहेर येईपर्यंत मुलगी गळाली आणि विधवा तेवढी राहिली. विधवेला मुलाइतका वाटा मिळाला, पण तोही हयातीपुरताच. त्यातून 1941 साली फेडरल कोर्टाने सांगितले की, शेतजमीन या कायद्यात येत नाही. ज्या देशात बहुतेक घरांची मिळकत म्हणजे शेत, त्या देशात हा केवढा अपवाद!

आपल्या मराठवाड्याची गोष्ट याहून निराळी. हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा, आपण निजामाच्या मुलखातले. मनमाडच्या अलीकडे आणि पलीकडे असलेल्या दोन सख्ख्या बहिणींचे नवरे वारले, तर एकीस वाटा आणि दुसरीस नुसती पोटगी, असा प्रकार. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले. त्यानंतर हळूहळू इकडील कायदे तिकडल्या बरोबरीस येऊ लागले. विधवेचा हा हक्क शेतजमिनीस लावणारा कायदा हैदराबादच्या विधिमंडळाने 1954 साली केला. त्याच वेळी खासरा पाहणी झाली, इनामे गेली, कुळकायदा आला. आपल्या घरोघरी ट्रंकेत जे सेतवार, खासरा आणि उर्दू खतांचे पुडके असते, ते याच उलथापालथीचे. पुष्कळ घरांतून ते वाचणारा माणूस आता उरलेला नाही. भगिनींनो, ते रद्दी समजू नका. उर्दू जाणणाऱ्या जाणत्या माणसाकडून एकदा त्याचा मराठी तर्जुमा करून घ्या आणि मूळ कागदासोबत ठेवा.

मुलीचा प्रश्न तसाच राहिला होता. 1944 साली सर बेनेगल नरसिंह राव यांच्या अध्यक्षतेखाली हिंदू कायद्याची जी समिती बसली, तीत पुण्याच्या लॉ कॉलेजचे प्राचार्य जगन्नाथ रघुनाथ घारपुरे हेही एक सभासद होते. पुढे डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी कायदामंत्री म्हणून हे काम अंगावर घेतले. ज्या वर्षांत आपल्या गावी नागसेनवनात ते मिलिंद महाविद्यालय उभारीत होते, त्याच वर्षांत दिल्लीस ते मुलीच्या वाट्यासाठी कलमाकलमाने झुंजत होते. बिल पुढे सरकेना, तेव्हा सप्टेंबर 1951 मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. राजीनाम्याच्या कारणांत हिंदू कोड बिल हे एक मोठे कारण होते. एका मंत्र्याने बायकांच्या वाट्यासाठी खुर्ची सोडावी, ही गोष्ट कोणत्याही देशाच्या इतिहासात वारंवार घडत नाही.

बाबासाहेबांचे बिल तुकड्यांनी मंजूर झाले. 17 जून 1956 रोजी हिंदू वारसा कायदा अमलात आला. वडील मृत्युपत्र न करता वारले, तर त्यांच्या स्वतंत्र मिळकतीत मुलगा, मुलगी, विधवा आणि आई यांना सारखा वाटा. आणि चौदाव्या कलमाने ती जुनी आखूड दोरी तोडली. स्त्रीच्या ताब्यातील मिळकत आता तिची पूर्ण मालकीची झाली. या कलमाचा खरा जोर 1977 साली तुलसम्मा नावाच्या आंध्रातील विधवेच्या खटल्यात दिसला. पोटगीच्या दाव्यात दिराने तिला मिळकत दिली, पण कागदात “हयातीपर्यंत” हा शब्द घातला. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पोटगीच्या मूळ हक्कापोटी मिळालेली ही मिळकत तिची संपूर्ण मालकीची झाली. एका शब्दासाठी एक बाई किती वर्षे भांडली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलगी मात्र जन्माने हिस्सेदार नव्हती. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून तिला तो हक्क दिला, पण त्या दिवसापूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळून. सबंध देशासाठी हा बदल 9 सप्टेंबर 2005 पासून झाला, आणि त्यात लग्नाची अट राहिली नाही. त्या दिवशी वडील हयात असावयास हवे होते की नाही, यावर कोर्टांत बरीच वर्षे वाद चालला. 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, हक्क जन्माचा आहे, वडील हयात असोत वा नसोत. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र कायम राहतात.

मधल्या काळात एक गोष्ट कायद्याबाहेर घडली, तीही सांगितली पाहिजे. 1986 साली चांदवड येथे शेतकरी संघटनेचे मोठे महिला अधिवेशन भरले, आणि पुढे शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम काढला. शेतकऱ्याने आपण होऊन बायकोच्या नावे जमीन करावी. गावात अशा शंभर जणांनी केली, तर ते गाव लक्ष्मीमुक्तीचे. कोर्ट नाही, फिर्याद नाही. सातबाऱ्यावर कारभारणीचे नाव चढले. कायद्याला जे पन्नास वर्षे लागले, ते मनात आणले तर एका फेरफाराने होते, हा त्यातला धडा.

येथे शेजारच्या मुसलमान भगिनींचाही उल्लेख केला पाहिजे, कारण आपल्या गावात भिंतीला भिंत लागून घरे आहेत. त्यांच्या शरियतीत मुलगी, विधवा, आई यांचे वाटे पूर्वापार ठरलेले आहेत. मुलगीला मुलाच्या निम्मा वाटा. मृत्युपत्राने कोणालाही एकतृतीयांशापेक्षा जास्त देता येत नाही, इतर वारसांची संमती असल्याखेरीज. म्हणजे त्यांचे हक्क ग्रंथात आपल्यापेक्षा किती तरी आधी आले. पण त्यांच्या घरीही मी तेच पाहिले, वाटा ग्रंथात आणि जमीन भावाकडे. ह्या बाबतीत दोन्ही घरांची बाई सारखीच.

आता जे रोज दिसते ते लिहिते. हक्क जन्माचा झाला, पण बहिणीच्या हाती तो फार थोड्या वेळा पडतो. वडील वारले की तेराव्याच्या आसपास एक कागद येतो. “वारसनोंदीसाठी सही लागते, ताई” असे सांगितले जाते, आणि तो कागद निघतो हक्कसोडपत्र. आपल्याच भागातील सत्तरीच्या एक बाई घराच्या कागदांसाठी माझ्याकडे आल्या होत्या. पुडक्यातून त्यांच्याच सहीचे एक जुने हक्कसोडपत्र निघाले. माहेरच्या शेतातला आपला हिस्सा आपण वीस वर्षांपूर्वी सोडला आहे, हे त्यांना त्या दिवशी कळले. मी समजावून सांगितल्यावर त्या रडल्या नाहीत, भावावर रागावल्याही नाहीत. एवढेच म्हणाल्या, “वकीलबाई, मला शेत नकोच होते. विचारले असते तर मी हसत सोडले असते. पण विचारायला पाहिजे होते.”

मला वाटते, कॉर्नेलियाबाईंनी वाड्यावाड्यांतून जे शोधले, ते हेच. वाटा घ्यावा की सोडावा, हा प्रत्येकीच्या मनाचा प्रश्न आहे. भावाची परिस्थिती बेताची असेल, माहेर तुटू नये असे वाटत असेल, तर बहिणीने सोडावा, त्यात कमीपणा नाही. पण सोडणे हे देणे असले पाहिजे. न कळत गेलेले ते दान नव्हे. पडदा आता राहिला नाही, पण न वाचता सही करणारी प्रत्येक बाई अजून पडद्याआडच आहे.

राहिले मृत्युपत्र. पुष्कळ भगिनी म्हणतात, “माझ्याजवळ आहे काय, की मी मृत्युपत्र करू?” त्यांना मी 2009 साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेला एक खटला सांगते. एका मुलीचे लग्न 1955 साली झाले आणि तीन महिन्यांत नवरा गेला. सासरच्यांनी घराबाहेर काढले. आईबापांनी तिला शिकविले, तिने नोकरी केली, बँकेत व भविष्यनिर्वाह निधीत पैसा साठविला, आणि 1996 साली मृत्युपत्र न करताच ती वारली. मूलबाळ नव्हते. वारसा कायद्याच्या पंधराव्या कलमाप्रमाणे अशा स्त्रीची स्वकष्टार्जित मिळकत आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तेव्हा ज्यांनी तिला हाकलले, त्यांच्याकडेच तिची पुंजी गेली. न्यायालयाने हळहळ व्यक्त केली, पण कायदा आहे तो लावला. दोन ओळींचे मृत्युपत्र असते, तर हे टळले असते.

मृत्युपत्र करणे अवघड नाही. साध्या कागदावर चालते, स्टॅम्प लागत नाही. काय आहे आणि कोणाला द्यावयाचे, हे स्पष्ट लिहावे. सही दोन साक्षीदारांच्या समक्ष करावी आणि त्यांनीही आपल्या समक्ष सही करावी. ज्याला मिळकत मिळावयाची, त्याला साक्षीदार करू नये हे बरे. वय झाले असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडावा. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे केल्यास पुढे वाद कमी होतात. मन बदलले तर नवे करता येते, शेवटचे असते तेच चालते. आणि एक गैरसमज काढून टाकावा. बँकेत किंवा सोसायटीत ज्याचे नाव नामनिर्देशनात आहे, तो बहुधा पैसा स्वीकारणारा असतो. मालक कोण, हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवितो.

वकील ठेवण्याइतकी ऐपत सर्वांची नसते, हे मला ठाऊक आहे. पण कागद वाचावयास चार डोळे पुरतात. आपल्या मंडळात हळदीकुंकू होते, भजन होते, पाककृतींचे वर्ग होतात. वर्षातून दोन दुपारी कागदांसाठी ठेवाव्यात, अशी माझी सूचना आहे. ज्येष्ठ भगिनींनी आपापल्या घराचे मालमत्तापत्रक, सातबारा, विम्याचे व बँकेचे कागद घेऊन यावे. शिकलेल्या मुलींनी ते वाचून दाखवावे. आता कायद्याच्या महाविद्यालयांतून आपल्याच वस्तीतल्या मुली शिकत आहेत, त्यांनाही बोलवावे. कोणाच्या नावे काय आहे, कोठे नाव चढावयाचे राहिले आहे, कोठे सही झाली आहे, एवढे जरी ज्या त्या बाईला कळले, तरी पुष्कळ झाले. आणि कोणी घाईने सही मागितली, तर “कागद ठेवून जा, वाचून सांगते” असे म्हणावयास शिकावे. हे वाक्य उद्धटपणाचे नाही.

पैठणच्या पंडितांनी ग्रंथ लिहिले, नाशिकच्या लेकीने वाडे पालथे घातले, बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले, आणि आपल्या हाती वाटा आला. तो वाचून, समजून घ्यावा किंवा समजून द्यावा, एवढे तरी आपण करू या. मंडळाच्या पुढील वाटचालीस माझ्या मनःपूर्वक शुभेच्छा.